बाई आली असती सांगायला

बकऱ्याचे डोळे आणायला मी औरंगपुऱ्याच्या पुढच्या गल्लीत करीमभाईच्या दुकानी जायची. हातात थर्मास, थर्मासात बर्फ. करीमभाई डोळे काढून द्यायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "बाई, लोगां कलेजी लेके जाते, गुर्दे लेके जाते, तुम खाली आँखां लेके जाते. पकाते क्या इनको?" मी म्हणायची, "पकाते नहीं भाई, उबालते." तो कपाळाला हात लावायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माझ्याकडं बोट दाखवून हसायचा.

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर दोनदा बजावलं, की बाई, नोकरीतलं काहीतरी हलकंफुलकं लिहा. माझ्याकडं हलकंफुलकं होतं ते एवढंच. पुढचं मी चिडून लिहितेय. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली, पण हा राग काही उतरला नाही. आता तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मी एका कॉलेजात जीवरसायन विभागाची तंत्रज्ञ होते. तंत्रज्ञ म्हणजे कोण? प्रयोग जो करतो तो. शोध लावतात ते सर. पेपर छापून आला की सगळ्यात खाली बारीक अक्षरात "आभार" असतात, तिथं माझं नाव यायचं. कधी कधी आडनाव चुकलेलं असायचं.

बकऱ्याचे डोळे कशाला लागायचे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अंडं उकडलं की पाण्यासारखा पातळ भाग पांढरा होतो. परत पातळ होत नाही, कितीही गार करा. आपल्या अंगातली प्रथिनं तशीच असतात. प्रथिन म्हणजे एक लांब दोरा समजा, नीट घडी घातली तरच कामाचा. ताप, ऊन, विष, म्हातारपण, कशानंही घडी विसकटते. विसकटलेले दोरे एकमेकांत अडकतात, त्यांचा गुंता होतो आणि गुंत्यानं पेशीचं काम बिघडतं. म्हणून पेशीत राखणदार असतात. पेशी तापवल्यावर ते पहिल्यांदा ध्यानात आले म्हणून त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. त्यांच्यात मोठे असतात, छोटे असतात. मोठे राखणदार विसकटलेली घडी पुन्हा घालून देतात, पण त्यांना कामाला इंधन लागतं. छोट्यांना घडी घालता येत नाही. ते फक्त विसकटलेल्याला धरून ठेवतात, गुंता होऊ देत नाहीत, मोठा येईपर्यंत. त्यासाठी ते इंधनही मागत नाहीत. मला हे छोटेच आवडायचे. कारण सांगायला नको.

डोळ्याच्या भिंगात मात्र मोठ्यांचा काही उपयोग होत नाही. भिंगाच्या आतल्या पेशींना नवं प्रथिन बनवता येत नाही. आईच्या पोटात जे भरलं गेलं, तेच मरेपर्यंत पुरवायचं. तिथं रात्रंदिवस धरून बसतो तो एक छोटा राखणदार, त्याचं नाव अल्फा क्रिस्टलिन. धरून धरून तो संपतो आणि म्हातारपणी भिंग पांढरं होतं. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. या राखणदाराची भावंडं हृदयात, स्नायूंत, नसांत असतात. तिथं ती बिघडली तर हृदय दमतं, पाय लुळे पडतात. आणि कॅन्सरच्या पेशीत हीच मंडळी इतकी इमानदारी दाखवतात, की औषध देऊनही ती पेशी मरत नाही. राखणदाराला चोर कोण आणि मालक कोण, ते कळत नाही.

पाहुणे आले की मी दोन परीक्षानळ्या दाखवायची. दोन्हीत एकच प्रथिन. एकीत बकऱ्याच्या भिंगातून काढलेलं अल्फा क्रिस्टलिन चमचाभर जास्त. दोन्ही गरम पाण्यात ठेवायच्या. थोड्या वेळानं एक दुधासारखी पांढरी व्हायची आणि दुसरी काचेसारखी स्वच्छ राहायची. पाहुणे वा वा म्हणायचे, सर त्यांना चहाला घेऊन जायचे, आणि नळ्या मी धुवायची.

आता दुष्काळाकडं येते. आमच्याकडं दुष्काळ एक वर्ष येऊन जात नाही, बिऱ्हाडच करतो. गारखेड्यात आमच्या घरी आठवड्याला पाणी यायचं, तेही येईल तेव्हा. कॉलेजला टँकर. आणि आमच्या लॅबमध्ये पाणी ऊर्ध्वपातित करायचं यंत्र. एक कॅन शुद्ध पाणी काढायचं तर यंत्र गार ठेवायला बादल्यामागून बादल्या पाणी नळीतून सरळ मोरीत. मला ते बघवेना. मी शेतकऱ्याची पोर, आमच्या गावात त्या वर्षी विहिरीचा तळ दिसत होता. मी ती नळी खिडकीतून बाहेर काढली आणि खाली पिंप ठेवलं.

कॉलेजमागं मोकळा प्लॉट होता. त्या उन्हाळ्यात तिथं मेंढरं उतरली होती. गवत कुठंच नव्हतं, म्हणून धनगरांचं एक घर शहराच्या कडेला आलं होतं, भाजीबाजाराचा पाला चारायला. दुसऱ्याच दिवशी खिडकीखाली एक बाई उभी. उंच, काळीसावळी, खांद्यावर घोंगडं.

"बाई, हे पानी कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही. न्या."

"मेंढरास्नी चालंल न्हवं? औषीद-बिवशीद तर नाय?"

"नाही हो. मी पण हेच घरी नेते."

ती भागाबाई. रोज यायची, दोन घागरी घेऊन. पुढं तिचा मोठा लेक खंडू पण येऊ लागला. खंडूला जाड भिंगाचा चष्मा, तरी घागर भरली का नाही ते तो बोट बुडवून बघायचा. मी विचारलं तर भागाबाई म्हणाली, "आमच्या घरान्यात हाय ते. त्याच्या बापाला व्हतं, आज्ज्याला व्हतं. कुनाला पोटातूनच, कुनाला दहा वर्साचा झाल्यावर. डोळ्यात फूल पडतं. देवीचा कोप हाय म्हनत्यात."

मी ते येऊन सरांना सांगितलं. मीच सांगितलं, हे लिहून ठेवते. मला वाटलं, सर काहीतरी करतील. सरांचे डोळे चमकले. पिढ्यान् पिढ्या मोतीबिंदू, एकच घराणं, आणि कॉलेजच्या भिंतीमागं बसलेलं! ते त्याच दुपारी टोपी घालून प्लॉटवर गेले. घोंगड्यावर बसून त्यांनी कोण कुणाचा, कुणाला फूल, कुणाला नाही, ते सगळं कागदावर काढलं.

रक्त मी काढलं. अकरा जणांचं. आधी संमतीचा फॉर्म होता इंग्रजीत. सर म्हणाले, अंगठे घ्या. मी म्हणाले, न वाचता कसे घेऊ? मग मी एकेक ओळ मराठीत करून मोठ्यानं वाचली. त्यात एक ओळ होती, "तपासणीत जे आढळेल ते कुटुंबाला कळवण्यात येईल." भागाबाईनं विचारलं, "कोन कळवनार?" सर पलीकडं खंडूच्या डोळ्यात बॅटरी मारत होते. मी म्हणाले, "मी येईन सांगायला." तिनं अंगठा उठवला.

पाऊस पडला, मेंढरं उठली. त्या प्लॉटचा खड्डा झाला, पुढं त्यावर सात मजले उभे राहिले. त्या वर्षांत शहर असंच सुटलं होतं, जिकडं मोकळं दिसेल तिकडं पत्रे ठोकायचे आणि बोर्ड लावायचा.

वर्षभरानं निकाल आला. अल्फा क्रिस्टलिनच्या जीनमध्ये एका अक्षराचा बदल होता. एवढंच. एक अक्षर चुकलं आणि राखणदार धरायच्या ऐवजी स्वतःच गुंत्यात पडला. ज्याच्या अंगात हा बदल, त्याच्या दर लेकराला तो मिळायची शक्यता निम्मी. सरांचा पेपर परदेशातल्या मासिकात छापून आला. सभागृहात शाल, नारळ, भाषणं. मी पेढे वाटले.

पेढ्याचा रिकामा डबा हातात घेऊनच मी सरांना विचारलं, "सर, त्या लोकांना कळवायचंय ना?"

"कुणाला?"

"भागाबाईच्या घरच्यांना. फॉर्ममध्ये आहे."

"अहो जाधवबाई, भटकी माणसं. आज इथं, उद्या बीडला. कुठं शोधणार? आणि कळवून काय करणार ते? जीन बदलता येते का?"

मी गप्प बसले. माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं? मला एवढं तर कळत होतं, की जीन बदलता येत नसली तरी पांढरं भिंग काढता येतं, आणि तान्ह्या बाळाचं ते पहिल्या दोन महिन्यांत काढावं लागतं. डोळा नुसता असून भागत नाही, मेंदूला बघायला शिकावं लागतं, आणि ते शिकायचे दिवस जन्मानंतरचे पहिले काही महिनेच असतात. ते गेले की मग कितीही चांगलं ऑपरेशन करा, मेंदू म्हणतो, मला नाही येत. हे सांगायला जीन शोधायचीसुद्धा गरज नव्हती. घोंगड्यावर बसून तो कागद काढला, तेव्हाच सांगता आलं असतं. सरांनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. मला वाटलं, सर मोठे, त्यांना कळतं. कसलं मोठं आणि कसलं काय!

पुढचा दुष्काळ आला, तेव्हाची गोष्ट. माझ्या भाचीनं मुकुंदवाडीला स्टेशनजवळ फ्लॅट घेतला होता, अजून बांधकाम चालू होतं. बघायला गेलो तर गेटवर वॉचमन. जाड भिंगाचा चष्मा. मी थबकले.

"खंडू?"

तो आवाजावरनं ओळखून दोन पावलं पुढं आला. "पान्याच्या बाई! या की, या!" आणि मागं वळून पत्र्याच्या खोलीकडं ओरडला, "अगं, पान्याच्या बाई आल्या!"

मेंढरं विकली होती त्यांनी. मेलेली मोजण्यापेक्षा विकलेली बरी, असं म्हणाला. धाकटा भाऊ थोडी घेऊन फिरत होता, आई त्याच्यासंगं. हा इथंच, याच गेटवर, दोन वर्षं. आमच्या कॉलेजपासून रिक्षानं वीस मिनिटं. म्हणे भटकी माणसं!

त्याची बायको लेकराला घेऊन बाहेर आली. चौदा महिन्यांची पोर. चिमी म्हणायचे. पोरीनं आवाजाकडं तोंड फिरवलं, पण डोळे माझ्यावर ठरेनात. भिरभिर, भिरभिर, इकडून तिकडं. उन्हात आणल्यावर दोन्ही बाहुल्यांत पांढरं दिसलं.

"खंडू, हिला डॉक्टरला दाखवलं का नाही?"

"झाली तवा बायकोच्या म्हायेरी व्हती. सव्वा महिना अंधारातच ठिवत्यात आमच्यात, उजेड लागू देत नायत. त्याच्यानंतर जरा शंका आली व्हती. मी म्हनलं, दाखवू. पन आई म्हनली, आपलं रगत न्हेलंय त्यांनी. काय निघालं असतं तर बाई आली असती सांगायला. आली नाय, म्हंजे काय नाय निघालं. देवीचा कोप सरला."

तो हे चिडून बोलत नव्हता. साधं सांगत होता, मी विचारलं म्हणून. त्यानं माझ्या तोंडावर थुंकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आमचं गप्प राहणं त्यांनी निकाल म्हणून घेतलं होतं. आणि का घेऊ नये? बाईनं शब्द दिला होता. त्यांच्या जगात येईन म्हणालेला माणूस येतो. मेंढरात लांडगा शिरला तर राखणदार ओरडणारच, आणि ओरडला नाही तर खुशाल झोपायचं.

चिमीला मी दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वर्षभर आधी का नाही आणली हो?" चिमीला उजेड कळतो, माणूस कळतो, जवळ धरलेलं मोठं अक्षर कळतं. डोळे भिरभिरायचे थांबले नाहीत, थांबणारही नाहीत.

तिथून मी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही. सगळं सांगितलं. सर पेन खाली ठेवून म्हणाले, "वाईट झालं. पण तो रिसर्च होता, जाधवबाई. उपचार हे आपलं काम नाही. आणि तुम्ही तंत्रज्ञ आहात, भावनेच्या भरात..."

"अंगठे मी घेतलेत, सर."

"कॉलेजनं घेतलेत."

"शाई माझ्या बोटांना लागली होती!"

बाहेर सगळा विभाग ऐकत होता. ऐकू दे म्हटलं. पुढच्या महिन्यात तपासणी समिती आली, तेव्हा मला दोन नळ्यांचा प्रयोग दाखवायला सांगितलं. मी दाखवला. एक नळी पांढरी झाली. मी ती समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, ही चिमी. मुकुंदवाडीला राहते. हिच्या घरच्यांच्या रक्तावर आमचा पेपर आहे आणि त्यांना आम्ही एक शब्द कळवलेला नाही." अध्यक्षांनी नळी धरली तशीच धरून ठेवली. सर हसले आणि म्हणाले, चहा घेऊ या. आठवड्याभरात माझी बदली भांडारात झाली. रिटायर होईपर्यंत तिथं बिकर पुसत बसले. त्याचं मला दुःख नाही. शाल परत घेतली नाही कुणी, याचं आहे.

बदलीच्या आधी मी एक चोरी केली. रजिस्टरमधून अकरा नावं उतरवून घेतली. कोण कुठं असतं ते खंडूला विचारून, रविवारी रविवारी एसटीनं फिरून सगळ्यांना गाठलं. भागाबाई सगळ्यात शेवटी सापडली, एका ओसाड माळावर, धाकट्या लेकाच्या कळपाबरोबर. मला बघून तिनं पाणी दिलं नाही. धनगराच्या वाड्यावर आलेल्याला पाणी न देणं म्हणजे काय, ते मला कळलं.

मी उभ्यानंच सांगितलं. अंड्याचं सांगितलं, राखणदाराचं सांगितलं. ती ऐकत होती आणि एका नुकत्या जन्मलेल्या कोकराला पालथं-उताणं करून बघत होती. त्याची पापणी वर करून तिनं त्याला सूर्याकडं धरलं.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"डोळे बघतीय. पैल्या दिशी बघावं लागतं. आंधळं कोकरू आईमागं ऱ्हात न्हाई, चुकतं."

"आणि माणसाच्या लेकराचे?"

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "लेकराला सव्वा महिना उजेड लावत न्हाईत."

"का?"

"न्हाई लावत. सासूनं नाय लावला, तिच्या सासूनं नाय लावला." तिनं कोकरू खाली सोडलं. ते धडपडत आईकडं गेलं. "कोकराला बघितलं. नातीला नाय बघितलं," ती म्हणाली आणि मग रडली. मोठ्यानं, शिव्या देत. देवीला दिल्या, मला दिल्या. मी घेतल्या. नंतर तिनं पाणी दिलं.

पाचेक वर्षांनी एका सकाळी फोन आला. "बाई, धाकट्याला ल्योक झालाय. काल झाला. सूनबाईची आई नको नको म्हनत व्हती, तरी मी अंगनात आनला, उनाकडं धरला, कोकरासारखा. भुरकं दिसतंय डोळ्यात. कुठं आनू?" मी म्हणाले, निघा, मी दवाखान्याच्या दारात उभी राहते. दीड महिन्याचा असताना त्याची दोन्ही ऑपरेशनं झाली. त्याचं नाव बिरू. त्या घराण्यात आता दर लेकराला पहिल्या दिवशी उन्हाकडं धरतात. कुठल्याही पेपरात हे छापून आलेलं नाही.

भागाबाई गेली मागच्या वर्षी. या उन्हाळ्यात चिमी आणि बिरू माझ्याकडं गारखेड्याला आले होते. चिमी सोळा वर्षांची झालीय, बारावीला जाईल. फोन नाकाला लावून वाचते. बिरू सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "मावशी, तुमचं घड्याळ धा मिंटं मागं हाय." घड्याळ समोरच्या खोलीतल्या भिंतीवर होतं. चिमीनं त्या दिशेला मान वळवली, आणि परत फिरवली.

बिरू खाली खेळायला गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, बिरूच्या वेळी तुमाला माहीत व्हतं. माझ्या वेळी नव्हतं का माहीत?"

खोटं बोलायला सोपं होतं. "होतं," मी म्हणाले. "तू जन्मायच्या आधीपासून माहीत होतं."

"मग?"

"आमचे सर होते ना, ते..."

"सरांचं नाय विचारत," चिमी म्हणाली. तिचे डोळे नेहमीसारखे भिरभिरत होते, ती माझ्याकडं बघतेय का नाही ते मला कळेना. "आज्जी म्हनायची, बाई आली असती सांगायला. तुमचं विचारतीय."

चहा ठेवते म्हणून मी उठले आणि ओट्याशी उभी राहिले, गॅस न पेटवता.

हे छापायला देण्याआधी मी चिमीला बोलावलंय. तिच्या आज्जीला फॉर्म वाचून दाखवला होता, तसंच हे तिला एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. तिनं हो म्हटलं तरच अंकात येईल.